उजवीकडे चालणारा कळप

५ जानेवारी

आत्या,

नमस्कार. वाकून करणार होतो, पण ऑफिसच्या नव्या खुर्चीने कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या बसल्याच घे.

फोन केला की तू "कामाचं असेल तर लिही, फोनवर तू नुसता हो हो करतोस" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहितो. कामाचंच आहे. आमच्या प्रकाशनाने लहान मुलांसाठी मोठं चित्रपुस्तक काढायचं ठरवलंय. विषय, प्रागैतिहासिक प्राण्यांचं स्थलांतर. बर्फ वाढत चाललाय, गवत संपलंय आणि मॅमथांचा, म्हणजे त्या केसाळ हत्तींचा, एक कळप नव्या कुरणाच्या शोधात निघालाय. चौदा चित्रं, प्रत्येक दोन पानांवर पसरलेलं. मजकूर मालकांनी स्वतः लिहिलाय, त्यामुळे तो उत्तम आहे आणि बदलता येत नाही. चित्रं तपासायला तज्ज्ञ समिती आहे. एक प्राणितज्ज्ञ, एक बालमानसतज्ज्ञ बाई आणि मालकांचे मेहुणे. मेहुणे कशातलेच तज्ज्ञ नसल्यामुळे अध्यक्ष आहेत.

चित्रकार म्हणून मी तुझं नाव सुचवलं आणि ते मंजूर झालं, कारण तोवर जेवणाची वेळ झाली होती.

ताईशी बोलणं झालं. तुझ्या लेकीने तुला तिच्याकडे न्यायचं पक्कं मनावर घेतलंय. मी म्हटलं, तिच्याकडे काम आलंय. ती म्हणाली, "काम करतेय तोवर राहू दे. हात थांबला की मी येऊन घेऊन जाणार, मग तुझंही ऐकणार नाही." तेव्हा आत्या, काम घे.

तुझा,
खडू

१६ जानेवारी

प्रिय खडू,

माझ्या चित्रकलेच्या वर्गातले खडू खाऊन वाढलेला मुलगा संपादक झाला, तेव्हा तुझ्या समितीचं मला नवल वाटलं नाही.

काम घेतलं. ताईचं घर चांगलं आहे, जावई चांगला आहे, माझ्यासाठी काढलेली खोलीही चांगली आहे. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवर पाण्याचा पाइप. तिथे मी दोन आठवडे राहून आले. तिसऱ्या दिवसापासून त्या पाइपाचे सांधे मोजत होते. इथे माझं टेबल आहे, उत्तरेचा उजेड आहे, खालच्या मजल्यावर निवृत्त टायपिस्ट आहेत, ते माझ्याशी बुद्धिबळात हरतात. मला इथून हलायचं नाही. हे तुला स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुला समजलं नव्हतं असं व्हायला नको.

मालकांचा मजकूर वाचला. दहाव्या चित्रात लंगडी म्हातारी मॅमथ दमून खाली बसते आणि "कळप पुढे पुढे चालला". अकरा ते चौदा, कळप पुढेच. म्हातारीचं नावसुद्धा नाही. मालकांना आई आहे का? कळप असा कुणाला टाकून जाईल हे मला पटत नाही. निदान एकाने तरी मागे फिरायला हवं. समितीला विचार.

आशीर्वाद.
आत्या

९ फेब्रुवारी

आत्या,

पहिली चार चित्रं पोचली. समितीची बैठक तीन तास चालली. अभिप्राय असे आले:

चित्र दोनमध्ये पिल्लाच्या डोळ्यांत भीती दिसते, ती काढावी (बालमानसतज्ज्ञ बाई). चित्र तीनमध्ये वाटेवर शेण आहे, तेही काढावं (अध्यक्ष). मॅमथांचे केस फार विस्कटलेले आहेत, शाळेत जाणाऱ्या मुलांसमोर काय आदर्श राहील (पुन्हा अध्यक्ष). प्राणितज्ज्ञांनी केसांची बाजू घेतली, तेव्हा केस राहिले. भीती अर्धी कमी करायची ठरलं.

म्हातारीचं विचारलं. प्राणितज्ज्ञ म्हणाले, मागे फिरल्याचा एकही जीवाश्म सापडलेला नाही. बाई म्हणाल्या, मुलांना पुढे जाणं शिकवायचंय. मालकांना आई आहे. गावाकडच्या घरी असते.

खडू

२० फेब्रुवारी

प्रिय खडू,

शेण ठेवलंय. बारा मॅमथ महिनाभर चालतायत, ते वाटेत शेण नाही टाकणार तर काय पत्रकं वाटणार? अध्यक्षांना सांग, तो चिखल आहे. त्यांना पटेल.

सोबत पाच ते दहा. दहाव्यात म्हातारी बसवली, हुकमाप्रमाणे. तिचं पुढचं पाऊल तीनदा खोडलं. बसलेलं जनावर उठणार आहे की नाही, ते पावलावरून कळतं. माझी उठणार आहे, तुम्ही काहीही लिहा.

आत्या

१२ मार्च

आत्या,

घात झाला.

काल छापखान्याच्या माणसाने दहाही चित्रं एका ओळीत मांडली आणि विचारलं, "ही जनावरं घरी चाललीत का?" तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. मूल पान उलटतं ते उजवीकडून. म्हणजे चित्रपुस्तकात पुढे जाणारा माणूस काय, मॅमथ काय, उजवीकडे तोंड करूनच चालायला हवा. तुझे बाराच्या बारा मॅमथ डावीकडे चाललेत. पान पुढे जातं, कळप मागे जातो. तीन बैठका झाल्या, केस मोजले, शेणावर मतदान झालं, आणि हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी संपादक आहे.

ही दहा परत काढशील का? आणि उरलेली चार तरी उजवीकडे तोंड करून? सोबत मी दहा कलमांची मार्गदर्शिका जोडली आहे, बाणांच्या खुणांसकट.

मालक दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. एरवी मला हे आवडलं असतं.

तुझा,
खडू

१९ मार्च

प्रिय खडू,

मार्गदर्शिका वाचली. कलम चार आणि सात एकच आहे.

माझी चूक. मी शाळेत चित्रकला शिकवली, पुस्तकं काढली नाहीत. एकेक चित्र बघायची सवय. पण चूक कशी झाली तेही ऐक. उजव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला चेहरा काढ म्हटलं की तो डावीकडे बघणारा काढतो. हाताला तसंच सोपं पडतं. डावखुऱ्या मुलांच्या वहीत मात्र सगळे चेहरे उजवीकडे बघायचे. चौतीस वर्षं वह्या तपासल्या, क्वचितच वेगळं दिसलं. माझा हात उजवा, म्हणून तुझा कळप डावा.

दहा चित्रं मी परत काढणार नाही. उरलेल्या चारांसाठी प्रयत्न करते, पण हाताला वळण लावायचं माझं वय नाही, हे समजून घे.

आत्या

२ मे

आत्या,

सहा आठवडे झाले, तुझी ओळ नाही. रागावली असशील तर रागाचं तरी पत्र पाठव. ताई रोज विचारते, "आई काढतेय ना?" मी ठोकून देतो, काढतेय. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, नशीब ते फोनवर दिसत नाहीत. फोन तू उचलत नाहीस. काढतेयस ना?

खडू

१४ मे

प्रिय खडू,

हे पत्र टाइप केलेलं पाहून दचकू नकोस. चष्म्याचा नंबर बदललाय, नवा चष्मा यायला वेळ आहे, म्हणून खालच्या टायपिस्टांना सांगून लिहवून घेते. ते तीस वर्षं कचेरीत होते, जे सांगेन ते मुकाट्याने उतरवतात.

(टंकलेखकाची टीप: मुकाट्याने नाही.)

चित्रं चालू आहेत. हळू आहेत. एक रेघ मारायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा त्यात आता पेन्सिलीला टोकसुद्धा होत नाही. पण ती येतील, आणि उजवीकडे तोंड करून येतील, याची काळजी करू नकोस. ताईला म्हणावं, आई काढतेय. हे खोटं नाही, तेव्हा कान लाल व्हायचं कारण नाही. फक्त इकडे कुणी यायची घाई करू नका. कामात मला माणसं चालत नाहीत.

आत्या

(टंकलेखकाची दुसरी टीप: बाई हल्ली बुद्धिबळातही हळू आहेत. तरी मी हरतो.)

२८ जून

आत्या,

कमाल केलीस. चारही चित्रं पोचली आणि चारही उजवीकडे. माझी मार्गदर्शिका वाया गेली नाही. कलम चार आणि सात एकच आहे म्हणालीस, पण तेच लागू पडलेलं दिसतंय.

आणि काय रेषा आहेत. पहिल्या दहांतली तुझी रेघ मास्तरीण होती, पाठ ताठ. ही वेगळीच. थरथरते, थांबते, पुन्हा निघते. बाईंनी मिनिटभर चष्मा काढून बघितलं आणि म्हणाल्या, "चित्रकार बालकाच्या पातळीवर उतरल्या आहेत." अध्यक्षांनी ही शैली आधीच का वापरली नाही असं विचारलं. प्राणितज्ज्ञांना चारही चित्रांत मागे कोपऱ्यात जो लहानसा केसाळ गोल आहे, त्याबद्दल शंका होती. भिंग लावून पाहिल्यावर त्यांनी तो शेवाळ चढलेला हिमयुगातला दगड असल्याचं लेखी दिलं. फाइलला लावलंय.

एक तुझ्यापासून लपवलं होतं, ते आता सांगून टाकतो. मार्चमध्ये तू पहिली दहा परत काढायला नकार दिलास, तेव्हा समितीने ठराव केला होता की चित्रं संगणकावर आरशासारखी उलटी करून छापावी. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आता फक्त दहाच उलटी करायची, शेवटची चार सरळ. मी संगणकवाल्याला तोंडी सांगितलंय.

ताईला फोन करून म्हटलं, तुझी आई पूर्वीपेक्षा चांगलं काढतेय. ती म्हणाली, "मग राहू दे तिला."

खडू

५ जुलै

प्रिय खडू,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ टायपिस्टांना दोनदा वाचायला लावली. उलट्या चित्रांचं वाईट वाटलं नाही. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, एवढं लक्षात ठेव.

आत्या

(टीप: तीनदा. चष्मा मात्र त्यांच्या नाकावरच होता.)

२० सप्टेंबर

आत्या,

पुस्तक छापून आलं. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकलं नाही.

ठरावात लिहिलं होतं, "सर्व चित्रे उलटी करावीत." संगणकवाल्याने सर्व केली. मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायला गेलो, तर त्याने ठरावाची प्रत समोर ठेवली. खाली माझीच सही. आता पहिल्या दहा चित्रांत कळप उजवीकडे चालतो, म्हातारी बसते, आणि अकराव्या चित्रापासून सगळा कळप गर्रकन फिरून जिथून आला तिकडे निघतो. मजकूर म्हणतो, "पुढे पुढे".

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. माझी बॅग भरायची मनाची तयारी झाली होती. पण निम्मी पुस्तकं दुकानांत गेली होती. मग अध्यक्षांनी शुद्धिपत्र काढायला लावलं: "चित्र ११ ते १४ खाली 'पुढे' ऐवजी 'मागे' असे वाचावे." चिठ्ठ्या चिकटवायला सगळं ऑफिस बसलं, बाईंसकट.

आणि मुलांची पत्रं यायला लागली. बत्तीस आली आजवर. सगळ्यांचा आशय एकच. एकीने लिहिलंय, ते आजीला विसरले होते मग त्यांना आठवलं मग ते तिला घ्यायला परत आले आणि ती त्यांच्या मागून हळूहळू येते आहे, ती शेवटच्या पानावर पण आहे, मी मोजलं. मी भिंग घेऊन बघितलं. आत्या, तो दगड लंगडतोय.

खडू

११ ऑक्टोबर

आत्या,

पुस्तकाला बक्षीस मिळालं. समारंभात मालकांनी सांगितलं की कळपाच्या परतीची कल्पना त्यांना दाढी करताना सुचली. प्राणितज्ज्ञ म्हणाले, मागे फिरल्याचा जीवाश्म सापडला नाही याचा अर्थ ते फिरले नाहीत असा होत नाही. तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्तीची भीती नाही. दाढी करताना सुचलेलं मागे घेता येत नाही.

पण मी लिहितोय ते वेगळ्यासाठी. काल पुस्तक चाळत होतो. कोपऱ्यातली तुझी सही पहिल्या दहा चित्रांवर उलटी आहे. बरोबर आहे, चित्रच उलटं केलंय. शेवटची चारही उलटीच केली, पण त्यांवर सही सुलटी आहे. म्हणजे मूळ कागदावर ती उलटी असणार. कपाटातून कागद काढले. उलटीच होती, पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखी.

माणूस स्वतःची सही उलटी कधी करतो, म्हणून मी टेबलावर बसून पेन्सिल डाव्या हातात घेतली. माझं नाव लिहायला गेलो तर दुसरं अक्षर उलटं पडलं. मग मॅमथ काढला. त्याचं तोंड उजवीकडे.

मार्चनंतर तुझ्या अक्षरातलं एकही पत्र नाही. मार्गदर्शिकेचं कलम चार, शैली, बालकाची पातळी, सगळं मी लिहिलं आणि तू वाचलंस. मला लाज वाटते, आत्या. रडूही आलं, ते शेजारच्या टेबलावरच्यांनी पाहिलं.

मी ताईला काही बोललेलो नाही. पण तिने पुस्तक घेतलंय, आणि ती शनिवारी तुझ्याकडे यायला निघतेय. का, ते सांगत नाही.

खडू

२ नोव्हेंबर

प्रिय खडू,

हे माझ्या हातचं. डाव्या. एका ओळीला पाच मिनिटं लागतात, तेव्हा थोडक्यात.

मार्चच्या शेवटी सकाळी उठले तर उजवा हात उशीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता. टायपिस्टांनी दवाखान्यात नेलं, आठ दिवस जवळ बसले. बोटं आता हलतात, ब्रश धरत नाहीत. तुला सांगितलं असतं तर तू ताईला सांगितलं असतंस, तुझे कान बघून तिला फोनवरही कळलं असतं. मग मी आणि तो पाइप. डाव्या हाताने पहिला महिना नुसत्या रेघा मारल्या, माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांसारख्या. फार घाबरले होते. सही उलटी पडली तेही कळलं होतं. म्हटलं, तपासणारे तुम्ही आहात, दिसायचं नाही.

ताई आली. मी चहा केला, कप डाव्या हाताने पुढे केला आणि तिच्या साडीवर सांडला. ती साडीकडे न बघता माझ्या हाताकडे बघत राहिली. कधीपासून, एवढंच विचारलं. मी म्हटलं, अकराव्या चित्रापासून. तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि अकरा, बारा, तेरा, चौदा, एकेक पान माझ्या टेबलाशी उभं राहून पाहिलं. मला वाटलं, झालं, आता कपडे भरायला सांगेल. तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आई, हा दगड नाही."

तुमच्या अख्ख्या समितीला जे दिसलं नाही ते माझ्या लेकीला दिसलं, आणि मी तिला कधीच चित्रकला शिकवली नव्हती. मग आम्ही दोघी रडलो. टायपिस्ट वर आले होते, ते पाठ करून खिडकीतून बघत राहिले.

ती तीन आठवडे राहिली. माझी बॅग काढली नाही. सुताराला बोलावून जिन्याला कठडा बसवला, डाव्या बाजूने, म्हणजे मला धरता येईल. जाताना म्हणाली, पुढच्या महिन्यात येते, चार दिवस राहते, न्यायला नाही. ती कठड्याला धरून खाली गेली, वळणावर थांबली, वर बघितलं आणि राहिलेली छत्री न्यायला परत आली. छत्री तिच्या हातातच होती.

मालकांना सांग, एखादा दिवस आईकडे जाऊन या, दाढी तिथे करा.

नवं पुस्तक असेल तर पाठव. फक्त प्राणी उजवीकडे जाणारे असू देत. डावीकडे जाणारे आता मला जमायचे नाहीत.

आत्या